न दिलेला पेपर

एमबीबीएस झाल्यावर पीजीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मी चार वेळा भरला. पेपर तीनदाच दिला. आज हे सरळ लिहिता येतंय, पण तो न दिलेला पेपर मी पाच-सहा महिने घरच्यांपासून लपवून ठेवला होता.

पहिल्यांदा इंटर्नशिप संपता संपता परीक्षा दिली आणि थोडक्या गुणांनी पात्रतेच्या खाली राहिले. बॅचमधल्या कितीतरी जणांचं तसंच झालं होतं, त्यामुळे फार लागलं नाही. घरी तर त्याचा अर्थच कुणाला कळला नाही. आमचं गाव पेण तालुक्यात, कासू स्टेशनपासून खाडीच्या अंगाला. बाबांचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागर बंद पडलं तेव्हा त्यांनी तळं बांधून त्यात जिताडे मासे वाढवायला सुरुवात केली. आई त्यांच्याबरोबरीने राबायची. गावातली पहिली डॉक्टर मी. शेजारची काकू म्हणाली, "डॉक्टर झालीस ना गो? मग आता कसली परीक्षा?" मी समजावून सांगितलं की हे दहावीनंतर बारावी असतं तसं आहे. तिने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या वेळी मी नोकरीत होते. सरकारी कॉलेजात शिकल्यावर एक वर्ष गावाकडे सेवा द्यावी लागते. मला रोह्यापलीकडे, कोलाडच्या बाजूचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं होतं. आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचं आणि शनिवारी रोह्याहून गाडी पकडून कासूला उतरायचं. त्या वर्षी मी पात्र ठरले, पण नंबर इतका मागचा आला की एकेका फेरीत जागा भरत गेल्या आणि माझ्यापर्यंत काही आलंच नाही. हे मात्र लागलं. नापास झालं की निदान एकदाच कळतं. इथे दोन-अडीच महिने रोज यादी उघडून बघायची आणि आपलं नाव नाही म्हणून बंद करायची.

वर्ष संपलं तरी मी त्याच केंद्रात कंत्राटावर राहिले. ओपीडी, लसीकरण, पावसाळ्यात विंचू आणि साप, मधूनच कंपनीतून शिफ्ट संपवून खोकत आलेले कामगार. काम मला आवडायचं. पण दर पंधरा दिवसांनी कुठल्यातरी मैत्रिणीचा फोटो यायचा, नवा एप्रन, मागे मोठं हॉस्पिटल. मी अंगठा पाठवायचे आणि पुस्तक उघडायचे. तीच ती पानं. त्यावर पहिल्या वर्षीची पिवळी रेघ, दुसऱ्या वर्षीची हिरवी. तिसरी रेघ कुठे मारायची तेच कळत नव्हतं.

तिसऱ्या वेळचा पेपर रविवारी होता. सेंटर पनवेलच्या पुढे. आदल्या दिवशी घरी आले, आईने सकाळी तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी डब्यात दिली, आणि मी कासूहून पहिली गाडी पकडली. पेण गेल्यावर पिशवी चाचपली तर प्रवेशपत्र नव्हतं. ते केंद्रातल्या माझ्या टेबलाच्या खणात राहिलं होतं. फोटो चिकटवून तिथेच वाळत ठेवलं होतं मी.

इथवर चूक झाली म्हणता येईल. पण प्रवेशपत्राची फाइल माझ्या फोनमध्ये होती. जास्तीचा फोटो पाकिटात होता. पनवेलला उतरून कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे पाच मिनिटांत ते निघालं असतं, आणि वेळही भरपूर होता. हे मला गाडीतच कळलं होतं. तरीही पिशवीत कागद नाही हे लक्षात आलं त्या क्षणी पोटातली कळ थांबावी तसं हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मला अजून लाज वाटते.

स्टेशनबाहेर एका दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. दुकानदार मशीन पुसत होता. त्याने विचारलं, "काय काढायचंय, ताई?"

मी म्हटलं, "काही नाही."

मग मी चालत एसटी स्टँडवर गेले आणि एका बाकावर बसले. पेपर सुरू व्हायची वेळ झाली, मी घड्याळाकडे बघितलं. अर्धा पेपर झाला असेल, तेव्हाही बघितलं. उठले नाही. डबा भरलेला परत नेला तर आईला कळेल म्हणून परतीच्या गाडीत दाराजवळच्या सीटवर बसून भाकरी खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत संपवली.

घरी आई अंगणातच उभी होती. "कसा गेला गो?"

"अवघड होता," मी म्हटलं.

निकालाच्या दिवशी "नाय झालं" इतकंच सांगितलं. बाबा म्हणाले, "हरकत नाय, बाय. अभ्यास केलास ना तू." आईने त्या रात्री माझ्या आवडीची कोलंबी केली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

केंद्रात एक सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, कोलाडजवळच्याच, भात आणि वाल पिकवणाऱ्या एका गावातल्या. तालुक्यातली अर्धी बाळंतपणं त्यांच्याच हातची असावीत असं वाटायचं. एके दुपारी ओपीडी आटोपल्यावर त्यांनी माझ्यासमोर ते प्रवेशपत्र ठेवलं. औषधांचं रजिस्टर शोधताना खणात मिळालं म्हणाल्या.

"हे इथंच होतं," त्या म्हणाल्या. "मग मॅडम, तुम्ही पेपरला कशा बसलात?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. एरवी त्या माझ्यासमोर बसायच्या नाहीत, कितीही सांगितलं तरी.

"बसला नाय ना?"

"नाही."

मी पुढचं सगळं सांगितलं. झेरॉक्सचं दुकान, बाक, डबा. शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्याकडून कोणाला कळायचं नाय. पण घरी सांगा. ते तिकडं तुमच्यासाठी हळहळत असतील, आणि कशासाठी ते त्यांना ठाऊक नाय. बरं नाय ते." थोड्या वेळाने उठता उठता विचारलं, "परत फॉर्म कधी सुटतात?"

मी सांगितलं की मी आता भरणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "ते मी विचारलंच नाय."

त्या शनिवारी मी घरी गेले. बाबा तळ्याच्या बांधावर बसून जाळं नीट करत होते. मी शेजारी बसले आणि गाडीत उभ्या उभ्या पाठ केलेलं एकदम बोलून टाकलं. बाबांचे हात थांबले नाहीत.

"मग दिवसभर होतीस कुठं?"

"पनवेलला. एसटी स्टँडवर."

"एकटीच?"

"हो."

त्यांनी दोन-तीन गाठी मारल्या. मग म्हणाले, "मला फोन करायचास. मी आलो असतो."

"येऊन काय केलं असतंत तुम्ही?"

"बसलो असतो."

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. जाळ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धर ताणून. आणि आईला तूच सांग. माझ्याकडून ऐकलं तर जास्त चिडल."

आई चिडलीच. पेपर दिला नाही म्हणून नाही. "सगळ्या आळीला मी सांगत फिरले, यंदा पेपर लय अवघड होता, मोठ्या मोठ्यांचे गेले. मलापण खोटारडी केलीस तू." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सोमवारी पहाटे मी निघाले तेव्हा मात्र डबा ओट्यावर भरून ठेवलेला होता, आणि ती पाठ करून तांदूळ निवडत होती.

फॉर्म सुटले तेव्हा मी भरला. का, ते नीट सांगता येत नाही. निश्चय वगैरे काही केला नव्हता. एवढंच की आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हरले तर काय होतं ते माझं बघून झालं होतं.

सिस्टरांनी दुपारचे दोन तास माझ्यासाठी मोकळे काढले. लसींचे फ्रिज ठेवतात त्या खोलीत एक टेबल लावून दिलं. दुपारी कुणी नुसत्या सर्दीसाठी आलं की त्या बाहेरच अडवायच्या. "मॅडम कामात हायेत. तवर वाफ घे." ताप किंवा चावलेलं काही असलं तरच दार वाजायचं. मी या वेळी रेघा मारल्याच नाहीत. सकाळी जो रुग्ण बघितला त्याचं दुपारी वाचायचं, आणि मग त्या प्रकरणाच्या आजूबाजूचं. फार उपयोग झाला असं नाही. परीक्षेत विचारतात ते आजार कोलाडला कधीच येत नाहीत. पण पुस्तक उघडताना हात जड व्हायचा, तेवढं थांबलं.

त्याच दिवसांतली एक केस मला विसरता येत नाही. पहिलटकरीण, विशीची, गागोद्याकडून माहेरपणाला आलेली. कळा सुरू होऊन बराच वेळ झाला होता, बाळाचे ठोके खाली जायला लागले आणि सिझेरियनशिवाय मार्ग दिसेना. ॲम्ब्युलन्स बोलावून जवळच्या मोठ्या रुग्णालयात फोन केला. तिथे भूल देणारे डॉक्टर एकच, आणि ते दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. त्यांनी पुढच्या रुग्णालयात जायला सांगितलं. मी आणि सिस्टर तिच्याबरोबर बसलो. हायवेचं काम चाललेलं, एकेक खड्डा तिच्या तोंडावर दिसायचा. ती माझं मनगट धरून सारखं विचारत होती, "अजून किती लांब हाय?" मी दर वेळी "आलंच" म्हणत होते. आम्ही पोचलो, ऑपरेशन झालं, मुलगी झाली आणि रडलीसुद्धा. पण परत येताना सिस्टर म्हणाल्या, "सर्जन होता मॅडम त्या पहिल्या ठिकाणी. नर्स होती, थिएटर होतं. एका माणसासाठी अडलं."

परीक्षेच्या दिवशी बाबा बरोबर आले. मी नको म्हटलं होतं. सेंटरसमोर रस्त्यापलीकडे झाडाखाली बऱ्याच आई-बापांची गर्दी होती, त्यात ते जाऊन बसले. मी बाहेर आले तेव्हा ते एका दुसऱ्या मुलाच्या वडिलांना जिताड्याला काय खायला घालायचं ते समजावून सांगत होते. मला त्यांनी पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. "चल, भूक लागली असल," एवढंच म्हणाले.

नंबर आधीपेक्षा बरा आला, पण फार पुढचा नव्हे. मला पहिल्यापासून स्त्रीरोग हवं होतं. पहिल्या फेरीत ते मिळालं नाही, दुसऱ्या फेरीतही नाही. तिसऱ्या फेरीआधी पसंतीक्रम पुन्हा लिहायचा होता. बंद होत चाललेल्या वाटांच्या त्या यादीकडे बघत मी संध्याकाळभर बसले. एका मैत्रिणीने फोनवर सांगितलं, अजून एक वर्ष थांब, तुला नक्की मिळेल. थांबता आलं असतं मला. मी भूलशास्त्र वर घेतलं. ती पहिलटकरीण आठवली म्हणून, असं म्हणायला आवडेल, आणि ते काही अंशी खरंही आहे. पण आणखी एक वर्ष त्या फ्रिजच्या खोलीत बसायची ताकद माझ्यात नव्हती, हेही तितकंच खरं.

एका सरकारी रुग्णालयात जागा लागली. आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे तू नुसती झोपवणार?"

"आणि उठवणार," मी म्हटलं.

"मग ठीक," ती म्हणाली आणि काकूला सांगायला गेली. काकूचा प्रश्न मला घरात ऐकू आला. "अजून तीन वरसं शिकणार ती?"

केंद्रातून निघाले त्या दिवशी सिस्टरांनी मला निरोप दिला नाही. त्यांच्याकडे बाळंतीण होती. मी लेबर रूमच्या दारातून डोकावले तर आतून म्हणाल्या, "या आता, मॅडम. बघताय ना, मोकळी नाय मी." मीही थांबले नाही.

आता दुसरं वर्ष चालू आहे. इथे आल्यावर मी सुरुवातीला फार जपून, पुस्तकी मराठी बोलायचे. सिनियर कधी पुण्याचे, कधी नागपूरचे. गेल्या महिन्यात सिझेरियनसाठी एक बाई टेबलावर आली. पाठीत सुई द्यायची होती आणि ती भीतीने ताठ झालेली. पाठ वाकवेना. मी दोनदा नीट, सभ्य भाषेत समजावलं. मग न ठरवता तोंडातून गेलं, "काय नाय होत गो. मुंगी चावल्यासारखं वाटल, बास."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमी कुठच्या?"

"कासूची," मी म्हटलं.

"माझी मावशी हाय तिकडंच, वडखळला," ती म्हणाली, आणि मावशीचं घर स्टँडपासून कुठे ते सांगायला लागली. सांगता सांगता तिची पाठ सैल झाली. मी सुई दिली. ती बोलतच होती.