गुडघे सरळ ठेवायला शिकताना

डोंबिवलीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ताईंचा भरतनाट्यमचा क्लास होता. मी घरात एका जागी बसायचे नाही, जेवायचेही उभ्यानेच. म्हणून सातव्या वर्षी आईने मला तिथे घातलं. पहिल्याच दिवशी ताईंनी मला गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून अर्धं खाली बसवलं. याला अरमंडी म्हणतात, एवढं सांगून त्या म्हणाल्या, "आता असंच राहायचं." एमआयडीसीचा वास यायला लागला की खिडक्या बंद व्हायच्या, घामाने फरशी निसरडी व्हायची, तरी अरमंडीतून उठायची सोय नव्हती.

बारा वर्षं शिकले. एकोणिसाव्या वर्षी अरंगेत्रम ठरलं, म्हणजे रंगमंचावरचा माझा पहिला पूर्ण कार्यक्रम. हॉल बघून झाला, पोशाखाची मापं देऊन झाली. आणि मला ते सगळं एकदम नकोसं झालं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. आरशात स्वतःची तीच ती आकृती बघून जीव घुसमटायचा. वाटायचं, दार उघडावं आणि पळत सुटावं. शेवटी मी ताईंना सांगितलं, "गुडघ्यात कळ येते. डॉक्टर नाचू नको म्हणालेत."

डॉक्टरकडे मी गेलेच नव्हते.

ताईंनी ऐकून घेतलं. "बरं. काळजी घे," एवढंच म्हणाल्या. त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

पुढे नोकरी, लग्न, घोडबंदर रोडला घर. नाच सुटला, चुळबूळ तेवढी राहिली. मीटिंगमध्ये टेबलाखाली माझे पाय आपोआप चालू व्हायचे. एकदा शेजारचा सहकारी वैतागून म्हणाला, "अगं, माझी कॉफी हलतेय." त्याच आठवड्यात सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या कथकच्या क्लासला मी नाव दिलं. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि वर्गातल्या बाकीच्या जणी अकरा-बारा वर्षांच्या.

शिकवणारी माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती. ती मला ताई म्हणायची.

"ताई, गुडघे सरळ."

"सरळच आहेत."

तिने आरशाकडे बोट दाखवलं. वाकलेले होते.

मला वाटलेलं, ताल येतो, पाय तयार आहेत, नवीन काय असणार? पण भरतनाट्यमने मला जमीन धरायला शिकवलेलं. हात पसरला की कोपरापासून बोटांपर्यंत ताठ, हलला तर चूक. इथे ताठ उभं राहायचं आणि हात मात्र मनगटातून सैल सोडायचा. चक्कर घेताना नजर समोर एका जागी ठेवायची, ते तर मला अजिबात जमेना. त्या पोरी सोळा चकरा मारून जागच्या जागी थांबायच्या आणि मी चौथ्या चकरेला भिंतीला टेकलेली असायचे.

सहाव्या महिन्यात ती हसत म्हणाली, "ताई, तुमचे पाय अजून जुन्याच क्लासात आहेत."

ती चेष्टेत बोलली, पण मला झोंबलं. पुढच्या आठवड्यापासून मी जायचं बंद केलं. मग शनिवारी साल्सा सुरू केला. तिथे समोरचा नेईल तसं जायचं असतं. शिकवणारा दुसऱ्याच शनिवारी म्हणाला, "मॅम, तुम्ही मला ओढताय."

"तुम्ही तालाच्या मागे पडत होतात."

"पडू दे ना. मी थांबलो तर थांबा."

थांबणं हेच तर मला जमत नव्हतं. दोन महिन्यांत तेही सोडलं. नवरा म्हणाला, "आता काय, लावणी?" मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

त्या रविवारी मी आईकडे गेले होते. बोलता बोलता आई म्हणाली, "ताईंनी क्लास बंद केला गं. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली." मी चहा तसाच ठेवून उठले.

ताईंनीच दार उघडलं, वॉकर धरून. मला ओळखलं. आत जाऊन बसल्यावर मी आधी गुडघ्याचं खोटं बोलल्याचं सांगून टाकलं. सतरा वर्षं उशिरा.

"माहीत होतं मला," ताई म्हणाल्या. "कळ उजव्या गुडघ्यात म्हणालीस आणि जिना उतरताना डाव्या पायाने लंगडत होतीस."

"मग थांबवलं का नाहीत?"

"राग आला होता. एवढी वर्षं शिकवलं आणि ही मला फसवते. म्हटलं, जा." त्यांनी वॉकर बाजूला सरकवला. "नंतर वाटलं, हाक मारायला हवी होती."

मला रडू आलं. ताईंना ते आवडलं नसावं, कारण त्यांनी लगेच विचारलं, "सध्या काय करतेस?" मी कथकचं सांगितलं, ती शिकवणारी मुलगी काय म्हणाली ते आणि सोडल्याचंही सांगितलं.

"दाखव."

मी उभी राहिले. ताईंनी खुर्चीच्या हातावर ताल धरला. दोन आवर्तनं झाली आणि त्या थांबल्या. "गुडघ्यात वाकलीस. त्या मुलीचं बरोबर आहे. तिच्याकडे परत जा."

"आणि तुमचं शिकवलेलं?"

"ते कुठे जातंय? पण आज जे शिकतेस ते तरी धड शीक."

मी परत गेले. त्या मुलीने मला आरशासमोर पुढच्या रांगेत उभं केलं. आता सहा चकरा होतात. सातवीला अजून तोल जातो. मनात मध्येच येतं की ओडिसी करून बघावं, पण कुणाला सांगितलेलं नाही.

महिन्यातून एकदा ताईंकडे जाते. मागच्या खेपेला त्यांनी बसल्या बसल्या माझ्यासारखं मनगट फिरवून बघितलं. पाच-सहा वेळा केलं. शेवटी चिडून हात मांडीवर आपटला आणि म्हणाल्या, "छे, हा हात थांबवायचा तरी कुठे? पुन्हा दाखव, आणि जरा सावकाश."