बाबांचा लाल झालेला चेहरा

बाबांनी मला सांगितलं होतं. फक्त मलाच.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर घरात सगळे म्हणतायत की ते काही न बोलता गेले. मीही शहाण्यासारखी मान हलवत बसले.

माझं काम तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. शेजारच्या दीर्घिकेतल्या तेजोमेघांत नुकतेच जन्मलेले तारे शोधायचे. धुळीआड असतात, साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत. पण त्यांची धग इन्फ्रारेडमध्ये दिसते.

बाबांनी उरणच्या मिठागरात आयुष्य काढलं. हे ऐकून म्हणाले, "म्हंजे राखेखालचा निखारा. डोल्यांना दिसत न्हाय, हात धरला की कलतं."

एवढं समजायला आमच्या पीएचडीच्या मुलांना अख्खं सेमिस्टर लागतं.

या कामात एक फसगत असते. मरायला टेकलेले म्हातारे तारेही स्वतःच्याच धुळीत गुरफटलेले असतात, आणि इन्फ्रारेडमध्ये तेही तितकेच लाल दिसतात. म्हणून नुसता रंग बघून कुणाला तरुण म्हणायचं नाही. स्पेक्ट्रम बघायचाच.

गेल्या वर्षी त्या दुपारी आमची तरुण ताऱ्यांची यादी पाठवायची होती. मध्येच बाबांचा व्हिडिओ कॉल. चेहरा लालेलाल.

"वा बाबा, काय तेज चढलंय. तरणेबांड दिसताय."

ते हसले.

"ताप हाय गो. तुज्या आयेला ठाव हाय. पन श्वास घेताना छातीत दुखतं, त्ये बोललो न्हाय. दादूसला सांगू नको. ट्रेलर सोरून येल उगाच."

दादूस म्हणजे माझा दादा; आईबाबांजवळच राहतो, ट्रेलर चालवतो. मी म्हटलं, "बरं. गोळी घ्या."

खरं सांगू? त्यांनी सांगू नको म्हटलं ते मला बरंच वाटलं. एक फोन वाचला.

त्या दिवशी यादीतला एकेक तारा मी दोनदा तपासला. शंका आली तिथे तिसऱ्यांदा.

दोन दिवसांनी बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया, आणायला उशीर केलात.

तेव्हापासून दादा स्वतःलाच बोल लावतोय. "एका घरात राहून मला कसं कललं न्हाय गो?" आणि मी दर वेळी म्हणते, "कुणालाच कळलं नाही, दादा."

आज घरी वर्षश्राद्ध. सकाळी निघण्याआधी त्याला फोन करून सगळं सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आयेला तू सांग. समोर बसून. मी न्हाय सांगनार."

उरणच्या बसमध्ये बसून हे लिहितेय. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

बाबा, तुमची लेक चुकली. तुम्हाला नमस्कार.