नवरदेवाची दाढी

काकांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. मी अर्ध्या वाक्यात होतो.

"पुरे. वर मुलं आहेत."

टोरांटोच्या स्कारबरो भागातलं त्यांचं बेसमेंट. रविवारची दुपार. आमचं वाचन मंडळ तिथं जमायचं. काका म्हणजे निवृत्त डॉक्टर, आम्हा सगळ्यांच्या आधी इथं आलेले. मंडळ त्यांचं आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. मी नॉर्थ यॉर्कला एका कंपनीत कोड लिहायचो. एकटा. या शहरात जायला मराठी घर असं हे एवढंच. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं काहीतरी आणायच्या जेवणाला, संसारी माणसं भाजी, पुलाव आणायची. बिनलग्नाच्यांनी कोक आणि पेपर प्लेट्स आणायच्या, असा नियम. लग्न होईपर्यंत आमची लायकी तेवढीच.

त्या दिवशी मी एक तुर्की कादंबरी सांगत होतो. तिच्यात लग्नाआधी नवरदेवाची दाढी वाजतगाजत करतात. वस्तरा त्याच्या जिवलग मित्राच्या हातात.

"अगंबाई, म्हणजे आपली हळदच की!" काकू म्हणाल्या. सगळे खूश.

मग मी पुढचं पान वाचलं. दाढी संपते, पण मित्राचा हात नवरदेवाच्या गळ्यावरून निघत नाही. नवरदेवही मान हलवत नाही. बाहेर ढोल वाजत राहतो. दोघं काही बोलत नाहीत. पुढं जन्मभर त्याविषयी बोलत नाहीत.

तिथंच पुस्तक गेलं.

"मैत्री आहे ती," काका म्हणाले. "तू घाण केलीस तिची."

"काका, लिहिलंयच तसं."

"लिहिलेलं नाही, तुझ्या डोक्यात आहे. इथला कायदा काय वाट्टेल ते अलाऊ करू दे, आपल्यात हे नसतं. लग्न कर, म्हणजे असलं सुचणार नाही."

हशा झाला. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

काकूंनी लगेच मनावर घेतलं. "लंडनला माझी भाची आहे रे, आपल्या इथल्या, कॅनडातल्या लंडनला, हॉस्पिटलमध्ये नोकरीला. दोन तासांचा तर ड्राइव्ह. नेक्स्ट वीकेंडला बोलावते तिला."

राग यायला हवा होता. आला नाही. थंडीत हातमोजे विसरल्यावर बोटांचं होतं, तसं आतून बधिर झालं होतं. हो म्हटलं असतं तर जेवायला वाढलं असतं. पण ती मुलगी माझ्यासाठी छान कपडे घालून एवढ्या लांब येणार होती. तिचा काय दोष?

"काकू, तिला बोलावू नका. मी पुरुषांवर प्रेम करतो. त्या मित्रासारखाच."

कुणी हसलं नाही. काकूंनी पुलावाचं झाकण उघडलं, परत ठेवलं.

"आय थिंक यू शुड गो," काका म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच इंग्रजीत बोलले.

मी दाराशी बसून बूट घातले. सगळे बघत होते. मला तेव्हाही काही वाटलं नाही, फक्त पुढचं स्वच्छ दिसलं. पुण्यात उजाडलं की आईला फोन करायचा. माझ्यासाठी मुली बघणं बंद कर, म्हणायचं. का, तेही सांगायचं. ती रडेल. बाबा तिच्या हातातून घेऊन फोन ठेवतील.

ठेवू देत. मी पुन्हा लावणार.