दिवेलागणीचं हुर्रा

कोरेगावात इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरी बोटावर मोजण्याइतक्या. त्यातली मी एक, तीही दादाच्या हट्टापायी. लढाईवर जाताना तो आईला बजावून गेला, "हिची शाळा मोडायची न्हाई." त्याच गाडीनं समोरच्या काकीचा एकुलता एक लेकही पलटणीत गेला.

इंग्रजी तिसरीत केवलप्रयोगी अव्ययं आली. आनंद झाला की 'हुर्रा', दुःख झालं की 'अलास'. एकदा दिवेलागणीला ओसरीवर बसून मी घोकत होते, "अलास! ही इज डेड." आईनं विचारलं, "म्हंजे काय गं?" मी आपलं सांगून टाकलं, "अरेरे! तो मेला."

आईच्या हातातली वातच पडली. "जिभंला हाड हाय का न्हाई तुझ्या? दिवेलागणीला वास्तू तथास्तु म्हणती! पोर तिकडं लढाईत, आन् तू हितं असलं बोलतीस?"

मग तोडगा तिनंच काढला. चांगलं असेल ते म्हणायचं, आणि रोज म्हणायचं. मी वाक्य जुळवलं, "हुर्रा! ही हॅज कम होम." शुभंकरोती झाली की मी तेवढं म्हणायची आणि आई हात जोडायची. पुढं काकीही येऊन बसायला लागली. "माझ्या लेकासाठनंबी म्हण गं बाई." मग मी दोनदा म्हणायची. वर्गात मास्तरांनी 'अलास'चं वाक्य विचारलं, तर मी तोंड उघडलं नाही. छड्या खाल्ल्या. अगं आई गं, काय झोंबल्या! पण वास्तू काय, शाळेलाही असतेच की.

लढाई संपता संपता काकीच्या घरी तार आली. तिचा लेक गेला. काकी यायची थांबली, आणि मी वाक्य पुटपुटत म्हणायला लागले. फार लाज वाटायची.

आणि एका सकाळी दादा दारात उभा! आईनं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्या ओठावर शब्द आलेला. आईनं डोळ्यांनीच दटावलं. समोर काकी तिच्या दारात उभी होती.

तीच चालत आली. आईनं तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो दादावरून उतरून टाकला, त्याच्या पायावर पाणी घातलं, गालावरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळली, "मुकी का गं उभी? म्हण की. दोनदा म्हण."

मी एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा आवाजच फुटेना. तेव्हा काकीच म्हणाली, "हुर्रा! ही हॅज कम होम." एक अक्षर चुकलं नाही तिचं.