बहिऱ्या माणसाची बायको

छापखान्यात ती छापलेल्या मोठ्या कागदांना, फर्म्यांना, घड्या घालायची आणि तो बाइंडर होता. यंत्रं सुरू झाली की तिथं सगळेच बहिरे. ज्याला त्याला हातवारे करूनच बोलावं लागायचं, त्यामुळे हा जन्मापासून ऐकू न येणारा माणूस त्या दालनात कोणाला वेगळा वाटत नसे. उलट तोच सगळ्यांत स्पष्ट बोलायचा. दोन वर्षांत ती त्याची भाषा शिकली आणि तिसऱ्या वर्षी त्यांचं लग्न झालं. त्यानं तिला नावही आपल्या भाषेतलं दिलं होतं. एका तळहातावरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख सरकन ओढायचं, ती घडी दाबायची तसं. या नावानं तिला हाक मारणारा तो एकटाच.

दर रविवारी चर्चच्या उपासनेत ती व्यासपीठाच्या डावीकडे उभी राहायची. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर तो. पाळक बोलत आणि ती त्याला हातांनी सांगत जाई. मंडळीत ऐकू न येणारा तेवढा एकच होता. सव्वीस वर्षं तिनं एका माणसासाठी हे काम केलं, आणि त्यासाठी दर शनिवारी ती शंका घेऊन पाळकांच्या घरी जायची.

"येशूला धरून नेलंय आणि पेत्र अंगणात शेकत बसलाय. त्याला ओळखणारी ती दासी कुठल्या बाजूनं आली?"

"बाई, तसं लिहिलेलं नाही."

"नसू दे. पण मला तिला कुठंतरी उभं करावंच लागेल. विस्तवापलीकडून आली तर तिला त्याचा चेहरा उजेडात दिसला. मागून आली तर आवाजावरून ओळखलं."

पाळक चष्मा पुसत म्हणायचे, "शास्त्रात आपल्या पदरचं घालू नये. कल्पनेला लगाम हवा."

"मी घालत नाही, साहेब. तोंडानं 'दासी आली' म्हटलं की भागतं. हातांनी सांगायचं तर ती कुठून तरी यावी लागते."

हा वाद कधी मिटला नाही, पण शनिवारही कधी चुकला नाही.

एका रविवारी येशूनं बहिऱ्या माणसाला बरं केल्याची गोष्ट आली. पाळकांनी नेहमीसारखंच सांगितलं, की बहिरेपण म्हणजे आपलं कठोर मन. तिनं तेही इमानानं हातांनी सांगितलं.  घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून खुणेनं म्हणाला, "पाळकांना तो माणूस दिसलाच नाही."

"म्हणजे?"

"येशूनं त्याला गर्दीतून बाजूला नेलं. का? गर्दीत कोण बोलतंय हे आम्हाला कळत नाही म्हणून. मग त्याच्या कानांत बोटं घातली. जिभेला हात लावला. वर पाहिलं. उसासा टाकला. तो त्याला आधी सांगत होता, मी आता काय करणार आहे ते. त्याच्या भाषेत." मग त्यानं विचारलं, "त्याला बायको होती?"

"लिहिलेलं नाही."

"समज, होती. दुसऱ्या दिवसापासून तो तोंडानं बोलायला लागला. मग तिच्या हातांचं काय झालं?"

तिचे हात ओले होते. ते कपड्याला पुसून ती म्हणाली, "काय होणार? विसावा मिळाला असेल." तो हसला नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, इस्पितळात तीन दिवस काढून तो गेला. उजव्या हाताला सुई लावलेली, म्हणून शेवटचं सगळं तो डाव्या हातानं बोलला आणि त्यातलं निम्मं तिला कळलं नाही.

पुढच्या रविवारी पाळक मायेनं म्हणाले, "बाई, आता पुढं उभं राहायची गरज नाही. निवांत बसा."

ती तिसऱ्या रांगेत बसली. प्रवचन एका कानानं आत गेलं आणि दुसऱ्यानं बाहेर पडलं. सव्वीस वर्षांत तिनं नुसतं ऐकलं असं कधीच नव्हतं. ती हातांनी तळं करायची, होडी करायची, होडीत कोण कुठं बसलंय ते ठरवायची. आता शब्द येत होते आणि ते ठेवायला जागा नव्हती. महिन्याभरानं तिनं पुन्हा उभं राहायची परवानगी मागितली, पाळकांनी दिलीही. पण त्या कडेच्या खुर्चीवर उशिरा आलेला कोणी अनोळखी गृहस्थ बसला. ती हात हलवायला लागली तसा तो आधी मागं वळून बघायला लागला, मग संकोचून हसला. तिनं हात खाली घेतले ते घेतलेच. शनिवारचं जाणंही थांबलं.

वर्ष उलटलं. उपासनेच्या यादीत बहिऱ्या माणसाची गोष्ट पुन्हा आली. ती शनिवारी पाळकांच्या दारात जाऊन उभी राहिली. खुर्ची पुढं केली तरी बसली नाही. नवऱ्यानं विचारलेलं सगळं तिनं सांगितलं, त्या बहिऱ्याच्या बायकोचंही.

 "लिहिलेलं नाही," पाळक सवयीनं म्हणाले. मग म्हणाले, "तुम्हाला ती कशी दिसते?"

हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. तिनं हातांनी दाखवलं. ते लक्ष देऊन बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मला नाही कळलं."

"ती दारात उभी आहे," तिनं तोंडानं सुरुवात केली, अडखळत. "तो लांबून तिच्या नावानं ओरडत येतोय. नाव त्यानं आजच कोणाकडून तरी ऐकलंय. पण ती तर त्याला वेगळ्याच नावानं माहीत आहे, हातांनी केलेल्या. तिला आनंद झालाय, साहेब. खोटा नाही. फक्त तिचे हात उत्तर द्यायला वर आलेत आणि तो तिच्या तोंडाकडे बघतोय."

पाळकांनी मान हलवली. प्रार्थना करूया, असंही ते म्हणाले नाहीत. फाटकापर्यंत सोडायला आले एवढंच.

रविवारी त्यांनी गोष्ट वाचली. माणसाला बाजूला नेलं इथवर आले आणि थांबले. पुस्तक खाली ठेवून त्यांनी दोन्ही बोटं स्वतःच्या कानांत घातली. मग जिभेला बोट लावलं, वर पाहिलं, आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल असा उसासा टाकला. मंडळीत चुळबुळ झाली. तिच्या शेजारची म्हातारी कुजबुजली, "साहेबांना बरं नाही, वाटतं." पुढचं प्रवचन मात्र कठोर मनाचंच झालं.

उपासना संपल्यावर ती कोणाशी न बोलता निघाली. पाळकांनी बोटं फार घाईनं काढली होती. त्या माणसाला काही समजायला वेळच मिळाला नसता. हे कोणाला तरी सांगावंसं तिला फार वाटत होतं. घरी येऊन तिनं भात टाकला, तांदूळ मोजताना चुकली आणि दोघांपुरता झाला. तिनं तो दुपारी आणि रात्री मिळून एकटीनंच संपवला.