विहिणीबरोबर सड्यावरून

माझं आणि माझ्या विहिणीचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. लेकीचं लग्न ठरवायला ती मंडळी पुण्याहून रत्नागिरीला आमच्याकडे आली, जेवायला बसली, आणि दुसऱ्याच घासाला विहीणबाई म्हणाल्या, "सगळ्यातच खोबरं घालता का हो तुम्ही?"

मी म्हटलं, "हो. आमच्याकडे पिकतं."

विषय तिथेच संपला, पण पुढे आमचं काय होणार ते त्या पंगतीतच ठरलं.

गंमत अशी की दोघींनाही सायकलचं वेड. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर गुडघ्यांसाठी म्हणून सायकल घेतली आणि मग सोडलीच नाही. त्या पुण्यात बायकांच्या एका गटाबरोबर पहाटे सिंहगडाच्या रस्त्याला जातात. जावयालाही तेच वेड. त्याने मोठ्या हौसेने एक प्रवास आखला. रत्नागिरीहून दक्षिणेला नाटे गावापर्यंत, तीन दिवसांत, पण गाड्यांचा रस्ता होईल तितका टाळून. सड्यांवरच्या पायवाटा, काजूची रानं, किनाऱ्याला सुरूचं बन. सडा म्हणजे आमच्या डोंगरांचा सपाट कातळी माथा. तिथे ना गाडी, ना दुकान, ना सावली. जावई, लेक, त्याची आई आणि मी, असं चौघांनी जायचं ठरलं. दोन्ही आयांना एकत्र आणायचा हा त्याचा डाव आहे, असं मला वाटलं.

डिसेंबरात ते तिघे गाडीला सायकली लावून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घावन बांधून घेतले, तर लेक पांघरूण घेऊन पडलेली.

"आई, कणकण आहे गं अंगात."

कपाळाला हात लावला. ताप काही हाताला लागला नाही. मला वाटलं, सासूबरोबर तीन दिवस काढायला नकोत म्हणून पोरीने निमित्त काढलंय. मनात म्हटलं, शहाणी आहे.

जावई म्हणाला, "मी थांबतो हिच्याजवळ. तुम्ही दोघी जा ना. वाट फोनमध्ये घालून दिलीय."

विहीणबाई हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांना झेपणार असेल तर मी तयार आहे."

मी खरं तर 'राहू दे, पुढे कधीतरी बघू' असं म्हणणार होते. पण ते 'झेपणार असेल तर' ऐकलं आणि म्हटलं, "मला न झेपायला काय झालं?"

भाट्याचा पूल ओलांडून चढ चढलो आणि मोठा रस्ता सोडून सड्यावर शिरलो. त्या पुढे, मी मागे. त्यांची सायकल महागाची, पण टायर बारीक. "इथला कातळ धारदार असतो, हवा थोडी कमी करा," मी सांगून पाहिलं. "मला माहितीय," त्या म्हणाल्या. पावसाळ्यात याच सड्यावर फुलांचे गालिचे असतात, लोक फोटो काढायला येतात. डिसेंबरात तिथे वाळलेलं गवत आणि कुसळं. मोज्यांतून आत शिरतात आणि प्रत्येक पायडलला टोचतात. कातळाची धग खालून, ऊन वरून. तासभर तसंच चाललं. मग त्यांचं मागचं चाक बसलं. त्यांनी खाली बसून ट्यूब बदलली, मी उभी राहून पाहिलं. मदत विचारली नाही, कारण त्यांनी ती घेतली नसती.

तिथे जवळच एक बाई गवत कापत होती. कोयता हातात तसाच धरून आली.

"जमीन बगाय आलाव काय?"

"नाही हो, सायकलने फिरायला आलोय."

"फिराय? हितं?" तिने आमच्या फोनकडे पाहिलं. "असंच फिराय येतात, नि मग कुंपण घालतात. जावा, जावा हितनं."

मी तिला मी रत्नागिरीचीच असल्याचं सांगितलं, माझ्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. आम्ही दिसेनाशा होईपर्यंत ती तशीच उभी होती.

आणि पुढे कुंपण होतंच. जावयाने दिलेली वाट सरळ काटेरी तारेत जाऊन संपत होती. आत नवी आमराई, कडेला पाटी, 'खासगी मालमत्ता', आणि पाटीखाली दोन कुत्रे. तारेच्या बाजूने फिरून जायचं तर मध्ये चिऱ्यांचा गडगा, छातीएवढा, वर करवंदीच्या काट्या रचलेल्या. एकटीला सायकल उचलून पलीकडे घालणं शक्य नव्हतं. मी गडग्यावर चढले, त्यांनी खालून सायकली दिल्या. कुत्रे तारेपलीकडून भुंकत राहिले. करवंदीने माझी बाही फाटली, त्यांच्या हातावर रेघा उठल्या. दुसरी सायकल उतरवताना त्या म्हणाल्या, "नीट धरा, महाग आहे."

पलीकडे एका खुरट्या उंबराखाली बसलो. मी घावन पुढे केले. त्यांनी त्यांचे खजुराचे लाडू काढले. आपापलं खाल्लं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या.

"विचारा."

"वेगळं राहायचं खूळ तिच्या डोक्यात तुम्हीच घातलंत ना?"

गणपतीत त्यांच्या घरी यावरून मोठं भांडण झालं होतं. लेकीला भाड्याचं घर घ्यायचं होतं. विहीणबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मग विषय मागे पडला. मला हे सगळं नंतर कळलं होतं, तेही अर्धवट.

"मी काही घातलं नाही," मी म्हटलं.

"तुम्ही इथे एकट्या. यजमान गेले तुमचे. पोरगी वेगळी झाली की तुमची बॅग तिथे. मला काय कळत नाही?"

माझं डोकं फिरलं. "मला माझं घर आहे. आणि तुमच्या घरात तिला चहा टाकायचा तरी तुम्हाला विचारावं लागतं. तीस वर्षांच्या बाईला!"

"घरात शिकवलं नसेल, म्हणून विचारत असेल."

मग दोघींनाही तोंड आवरलं नाही. सड्यावर ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून असेल. लग्नातली साडी निघाली, मानपान निघाला, माझ्या नवऱ्याच्या आजारपणात त्या भेटायला आल्या नव्हत्या ते निघालं. मी ओरडत होते आणि घसा सुकत होता. शेवटी त्या उठल्या, सायकलवर बसल्या आणि निघून गेल्या. मला मागे जाणं भाग होतं. वाट त्यांच्याही फोनात होती, पण घावनांबरोबर पाणी सगळं माझ्याकडे होतं.

पूर्णगडचा पूल तेवढा रस्त्याने ओलांडला आणि संध्याकाळी गावखडीच्या सुरूच्या बनात पोचलो. खाली सुयांचा जाड थर, चाकांचा आवाजही नाही. कुणालाही तिथे बरं वाटावं. आम्ही दोन टोकांना दोन झाडांना टेकून बसलो. मुक्काम जवळच्या एका घरी होता, एकच खोली. जेवताना घरच्या बाईंनी विचारलं, "बहिणी का हो तुम्ही?"

"नाही," दोघी एकदमच म्हणालो.

दुसऱ्या दिवशीची चढण वाईट होती. काजूच्या रानातून चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी, सायकल ढकलत न्यायची, वाळक्या पानांवरून पाय घसरायचे. माथ्यावर पोचलो आणि कालपासून गेलेली फोनची रेंज परत आली. विहीणबाईंचा वाजलाच. पुण्याची शेजारीण होती.

"कसला टेम्पो?" त्या म्हणाल्या. "कुणाचं कपाट?" मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. फोन ठेवला आणि तिथेच कातळावर बसल्या.

"आमच्या दारात टेम्पो उभा आहे. दोघं सामान हलवतायत."

"कुठली दोघं?"

"आपली. काल आपण निघालो आणि ती दोघं मागोमाग पुण्याला निघाली."

मला एकदम कळेना. मी लेकीला फोन लावला. मागून ठोकाठोकी ऐकू येत होती.

"आई, रागावू नकोस," ती म्हणाली. "दोन स्टॉपवरच घर घेतलंय. त्या घरी असत्या तर आम्ही उंबरा ओलांडलाच नसता. याला आईसमोर बोलताच येत नाही."

"आणि मला? मला का फसवलंस?"

विहीणबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "खोटं बोलू नका."

मी फोनचा आवाज मोठा केला. लेक म्हणाली, "आईला काही माहीत नव्हतं. तिला सांगितलं असतं तर तिने भांडणात तुम्हाला सांगून टाकलं असतं."

फोन बंद झाला. विहीणबाईंनी मला विचारलं, "सांगितलं असतंत?"

मला कालचा उंबर आठवला. तिथे माझ्याकडे ही बातमी असती तर ती मी त्यांच्या तोंडावर फेकली असती, आनंदाने.

"हो," मी म्हटलं.

"वाटलंच."

त्यांनी सायकल उचलली आणि उतारावर सोडून दिली. हळू जा, खडी सुटलेली आहे, असं मी ओरडले, पण त्या थांबल्या नाहीत. वळणावर पुढचं चाक सरकलं आणि त्या कुशीवर पडल्या. मी पोचले तेव्हा उठून बसल्या होत्या. कोपर सोललेलं, लाल मातीत रक्त मिसळलेलं.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या.

मी पाण्याची बाटली खाली ठेवली आणि बाजूला झाले. त्यांनी स्वतःच कोपर धुतलं, रुमालाची गाठ दातांनी मारली. दोनदा सुटली. मी पाहत राहिले. सुटून सुटून तिसऱ्यांदा बसली.

मग त्या म्हणाल्या, "मी इतकी वाईट आहे का हो? पोटच्या मुलाने असं चोरून जावं?"

दुसरी कुणी असती तर तिला मी 'नाही हो' म्हटलं असतं. तिथे मला ते जमलं नाही.

"मला तुम्ही आवडत नाही. मुलाचं त्याला विचारा."

"मलाही तुम्ही आवडत नाही."

"ठाऊक आहे."

त्यांनी डोळे पुसले, की घाम, ते मी पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं, आणि ते त्यांच्यासाठी नव्हतं. एकुलती एक मुलगी आपलं कपाळ माझ्या हाताखाली देऊन खोटं बोलली होती, आणि मी तिला शहाणी म्हटलं होतं.

परत फिरायचं तर तीच पाखाडी, तोच गडगा. पुढे नाटे, मधला मुक्काम सोडला तर संध्याकाळपर्यंत गाठता येईल इतकं जवळ होतं. आम्ही पुढे गेलो, आता मी पुढे आणि त्या मागे. पोचलो तेव्हा बंदरावर होड्या लागत होत्या, मासळीचा लिलाव चालला होता. त्यांनी नाकाला रुमाल लावला. मी मुद्दाम सावकाश गेले. दुसऱ्या दिवशी त्या एसटीने राजापूरला आणि तिथून पुण्याला गेल्या. त्यांची सायकल मी नंतर खासगी बसच्या डिकीत घालून पाठवली. 'मिळाली' एवढाच निरोप आला.

मी लेकीच्या नव्या घरी बरेच महिने गेले नाही. राग होताच. शिवाय माझी बॅग तिथे लगेच पोचली असं कुणाला म्हणू द्यायचं नव्हतं. लेक फोनवर रडली, जावई माफी मागायला एकटा रत्नागिरीला येऊन गेला. आंबे घेऊन गेला, माफी अर्धीच मिळवून. शेवटी मी पावसाळ्यात गेले. घर छान होतं, उजेडाचं. लेकीने आपण होऊन चहा टाकला, कुणाला न विचारता, ते पाहून बरं वाटलं.

स्वयंपाकघरात डबे ओळीने लावलेले, प्रत्येकावर चिठ्ठी. अक्षर लेकीचं नव्हतं.

"त्या येऊन गेल्या?"

"संक्रांतीनंतर येतातच की मधूनमधून. त्यांनीच लावून दिलं सगळं," लेक म्हणाली.

म्हणजे रुसवा सोडून त्या माझ्या आधी आल्या होत्या. ओलं खोबरं ठेवायला एकही डबा नव्हता. लेक आंघोळीला गेली तशी मी सगळे डबे खाली काढले आणि माझ्या पद्धतीने लावायला घेतले.