गाईने निवडलेलं गवत

नातवंडांनो, तुमच्या आजोबांचा फोटो तुम्ही पाहिला आहे, पण गुरांमागे चालताना ते तुम्हाला कधी दिसले नाहीत. म्हणून त्यांच्या शेवटच्या कामाबद्दल लिहिते आहे. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती.

वर्ध्याकडच्या सेलूहून आत, आपल्या गावाबाहेर, आपली एक बरड होती. बरड म्हणजे मुरमाड, हलकी जमीन. तिथे कापूस नीट येत नसे, म्हणून ती गुरांच्या चराईसाठी सोडलेली. तिच्यावर सगळीकडे कुसळी नावाचं गवत माजलं होतं. कुसळी कोवळी असताना गुरं आवडीने खातात, पण पावसाळा संपता संपता तिला सुईसारखी कुसळं येतात. आणि आपल्याकडे रीत अशी की कुरण पावसाळाभर बंद ठेवायचं आणि दिवाळीत, गाईंच्या पूजेच्या दिवशी उघडायचं. म्हणजे नेमकी कुसळं पिकल्यावर. वर्षानुवर्षं सगळे तसंच करत आले होते.

एका दिवाळीनंतर आपल्या म्हाताऱ्या पांढऱ्या गाईच्या जिभेत कुसळं रुतली. जीभ सुजली. गव्हाणीत वैरण टाकली की ती जवळ यायची, वास घ्यायची आणि तशीच उभी राहायची. आजोबांनी तिचं तोंड उघडून चिमट्याने एकेक कुसळ काढलं. हात धुताना म्हणाले, "आता ह्या बरडीवर दुसरं गवत लावतो."

कोणतं लावायचं, ह्यावर पुढचा पावसाळा गेला. सरकारी रोपवाटिकेतून त्यांनी उंच, रुंद पानांचं संकरित गवत आणलं. ते झपाट्याने वाढलं, पण त्याला पाणी द्यावं लागे आणि बरडीवर विहीर नव्हती. मग ते बांधाबांधांवरून मारवेल, पवन्या अशी आपली गवतं कापून आणू लागले. मी प्रत्येक पेंढीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची. पेंढ्या अंगणात ओळीने ठेवायच्या आणि म्हाताऱ्या गाईला सोडायचं. ती सगळ्यांना नाक लावत जायची. आम्ही श्वास रोखून पाहायचो.

आजोबांची मोठी बहीण, तुमची आत्याआजी, आपल्याकडेच राहायची. ती ओसरीवरून म्हणाली, "काय रे, लगन करतानी तं एकच पोरगी पाह्यली तुनं. अन् गाईले इतकी गवतं दाखवून राह्यला?"

"तवा मले कोणी ओळीनं मांडून दाखवल्या होत्या?" आजोबा म्हणाले.

"मांडल्या असत्या तरी हेच गवत खाल्लं असतं तुनं," आत्याआजी माझ्याकडे पाहत म्हणाली. मी पदरात तोंड लपवून हसले.

पेंढ्यांची जागा बदलली तरी गाय मारवेलाकडेच जायची. पुढच्या आषाढात आम्ही कुसळी खणून काढली आणि मारवेलाचे मुळांसकट ठोंब लावले. ओल्या मातीत ठोंब रोवून आजोबा तो टाचेने दाबायचे. त्याच दिवसांत ते जेवताना मध्येच थांबू लागले. घास अडकतो म्हणाले. वर्ध्याला नेलं, तेव्हा घशात गाठ निघाली. ती काढण्यासारखी राहिली नव्हती.

मारवेल रुजला, फुटला, श्रावणात हिरवागार झाला. आजोबा मात्र वाळत गेले. मी त्यांच्यापुढे पाटावर वाट्या मांडायला लागले. ज्वारीची आंबील, मुगाचं कढण, ताक, पातळ खीर. काहीतरी आवडेल, काहीतरी उतरेल, म्हणून. ते एकेका वाटीकडे पाहत बसायचे.

"गाईनं बी एवढा टाइम नाई लावला रे," आत्याआजी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आजोबा हसले, हसताना त्यांना ठसका लागला. मग माझ्यासाठी म्हणून त्यांनी आंबिलीची वाटी उचलली.

दसरा आला तोवर त्यांना अंगणापलीकडे चालवत नव्हतं. दिवाळी त्यांना दिसेल, असं मला वाटेना. आपण लावलेल्या गवतात ती गाय चरताना त्यांनी एकदा पाहावी, एवढंच मला हवं होतं. मी म्हटलं, "अहो, बरड यंदा आधीच उघडू या ना. तुम्हाला बैलगाडीतून नेते."

"नाई. गवताचं बी नाई पडलं अजून. आत्ता चारलं तं मारवेल विरळ राहीन, अन् पुढच्या साली कुसळीच उठंन."

"पुढच्या सालाचं पुढे पाहू."

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाईले हाय न पुढचं साल."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. दिवाळीच्या थोडं आधी ते गेले.

त्या वर्षी आपल्या घरी सण नव्हता. गावात गाईंची शिंगं रंगवली गेली, गळ्यात झेंडूच्या माळा आल्या. आपली गुरं बिनरंगाची दावणीला उभी होती. ऊन वर आल्यावर आत्याआजी उठली आणि दावी सोडू लागली.

"आपल्याला सण नाही ना," मी म्हटलं.

"आपल्याले नाई. गाईंले हाय," ती म्हणाली. "बी पडलं. मी काल जाऊन पाह्यलं."

बरडीच्या तोंडाशी लावलेल्या काट्या आम्ही दोघींनी ओढून बाजूला केल्या. म्हातारी गाय पुढे, बाकीची मागे. आत कडेला अजून थोडी कुसळी होती, पवन्या होता, मधे सगळा मारवेल, पिवळसर झालेला. गाईने कुसळीला नाक लावलं, सोडलं. दोन पावलं पुढे गेली. मग मान खाली घातली आणि मारवेल ओढून खाऊ लागली. तिच्या जिभेचा तो करकर आवाज मला काठावर ऐकू येत होता. तिने मान वर केलीच नाही.

मी घराकडे वळले. हे त्यांना लवकर सांगायला हवं, एवढंच डोक्यात होतं. मागून आत्याआजीने हाक मारली, "अवं, कुठं चालली?"

तेव्हा मी थांबले.